सिस्टरच्या नोंदी

गोरेगावात बाळंतपणं फार वेगवेगळ्या जागी होतात. पश्चिमेला एस. व्ही. रोडच्या आसपास इमारतींच्या पहिल्या मजल्यांवर थाटलेली छोटी खासगी प्रसूतिगृहं आहेत. महापालिकेच्या व्यवस्थेत नाव घातलेल्या बाईची केस अवघड झाली, तर ती विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयाकडे किंवा कांदिवलीच्या शताब्दीकडे जाते आणि फारच अवघड असली तर केईएम, नायर, सायनकडे. पूर्वेला आरेतल्या पाड्यावरची बाई आधी पायवाटेने डांबरी रस्त्यापर्यंत येते आणि मग रिक्षा शोधते. खोलीचं भाडं, डॉक्टरांचं नाव, सिझरचा खर्च, सगळं जागेनुसार बदलतं. पण डॉक्टर राउंड घेऊन गेल्यावर पुढचे कित्येक तास बाईजवळ कोण असतं, याचं उत्तर सगळीकडे एकच आहे. सिस्टर.

बाळंतपणातली गुंतागुंत पुष्कळदा याच मधल्या तासांत डोकं वर काढते. रक्तदाब रात्री दोनला चढतो, गर्भपिशवी प्रसूतीनंतर अर्ध्या तासाने सैल पडते, दुपारी चांगलं प्यायलेलं बाळ संध्याकाळी तोंड उघडत नाही. डॉक्टर निर्णय घेतात तो कुणीतरी हे वेळेवर पाहिलं, मोजलं, लिहिलं आणि कळवलं म्हणून. परिचारिकेचं हे पाहणं उपचाराला पूरक असतं असं आपण समजतो. माझं म्हणणं आहे की तो उपचारच आहे, आणि बाळंतपणाची तयारी करणाऱ्या प्रत्येक घराने तो नीट समजून घ्यायला हवा.

रक्तदाबापासून सुरुवात करू. गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला आणि त्याबरोबर लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, की डॉक्टर प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात. वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत पुरेशा रुंदावल्या नाहीत, तर पुढे वारेला रक्त कमी पडतं आणि तिच्यातून असे घटक आईच्या रक्तात उतरतात की सगळ्या शरीरातल्या रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं. म्हणून हा एका अवयवाचा आजार राहत नाही. मूत्रपिंड, यकृत, डोळे, मेंदू, सगळीकडे तो पोचतो. बाईला मात्र पुष्कळदा काहीच होत नसतं. पाय सुजलेले असतात, आणि सूज तर सगळ्यांनाच येते असं घरात कुणीतरी म्हणतं.

इथे साधा बीपी नीट घेणं किती मोलाचं आहे पाहा. बाई जिना चढून धापा टाकत आली आणि तिचा दंड तसाच यंत्राला लावला तर आकडा चुकतो. तिला पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायचा, मोजताना बोलू द्यायचं नाही, दंडाच्या जाडीप्रमाणे पट्टा निवडायचा. आकडा वाढलेला दिसला तर थोड्या वेळाने पुन्हा घ्यायचा. शिवाय विचारायचं: डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे चमकल्यासारखं होतं का, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखतं का? शेवटची तक्रार बहुतेक बायका ॲसिडिटी समजून अंगावर काढतात. ती यकृतावर ताण आल्याची खूण असू शकते. वरचा आकडा १६० किंवा खालचा ११० वर गेला की ही तातडीची अवस्था असते. त्यानंतर घरी जाऊन उद्या येते, हे चालत नाही.

या आजारात बाईला झटके येऊ शकतात. ते येऊ नयेत म्हणून आणि आलेच तर थांबवण्यासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत ३३ देशांतल्या १०,००० हून अधिक स्त्रिया होत्या, आणि या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला. औषध जुनं आहे, स्वस्त आहे, पण जास्त झालं तर श्वास थांबवू शकतं. त्यामुळे दर चार तासांनी पुढचा डोस देण्याआधी सिस्टर तीन गोष्टी पाहते. गुडघ्याखाली हातोडीने टक् केल्यावर पाय उडतो का? श्वास मिनिटाला निदान सोळा आहे का? गेल्या चार तासांत निदान १२० मिली लघवी झाली आहे का? हे औषध लघवीवाटेच बाहेर पडतं, लघवी कमी झाली की ते रक्तात साठत जातं. साठू लागलं की आधी पायाचं हे उडणं नाहीसं होतं आणि श्वास मंदावतो तो त्यानंतर. या दोहोंच्या मधे जो वेळ मिळतो तो फक्त तपासणाऱ्याच्या उपयोगाचा. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन उशाशी भरायला तयार हवं. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे झटके आलेल्या बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी मॅग्नेशियमचा पहिला डोस देण्याची परवानगी उपकेंद्रातल्या एएनएमला, म्हणजे सहायक परिचारिकेलाही आहे. जिथे डॉक्टर मैलोन् मैल नाही तिथे या एका परवानगीने बाई वाचते.

प्रसूती झाली म्हणजे बीपीचं संपलं, ही समजूत घातक आहे. झटके बाळंतपणानंतरही येतात, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, आणि क्वचित कित्येक दिवसांनीही. घरी पाहुण्यांची वर्दळ सुरू झालेली असते आणि बाळंतिणीचं डोकं दुखणं जागरणावर ढकललं जातं. वेदनाशामक गोळी देण्याआधी बीपी मोजा, एवढंच सांगणं आहे.

दुसरा मोठा धोका रक्तस्रावाचा. दिवस भरत आले की गर्भपिशवीतून मिनिटाला अर्धा लीटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की ज्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात त्यांना बंद करणारा टाका कुठलाच नसतो. गर्भपिशवीचे स्नायूच आवळून त्यांना दाबतात. ती आवळली नाही तर काही मिनिटांत बाई पांढरी पडते. म्हणून बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन द्यायचं, आणि पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवून गर्भपिशवी घट्ट आहे की मऊ ते पाहायचं, नाडी आणि बीपी घ्यायचं, पॅड पाहायचं. मूत्राशय भरलेलं असलं तर गर्भपिशवी नीट आवळत नाही, त्यामुळे बाईला लघवीला नेणं हादेखील रक्तस्राव रोखण्याचाच भाग आहे. थकलेल्या बाळंतिणीला हा हात त्रासदायक वाटतो. नातेवाईक म्हणतात, झोपू द्या ना तिला. सिस्टरने ऐकू नये, आणि नातेवाइकांनी तो आग्रह धरू नये.

किती रक्त गेलं हे डोळ्यांनी सांगणं अनुभवी माणसालाही जमत नाही. कपड्यात, चादरीत मुरलेलं रक्त नेहमी कमीच वाटतं. यावर एक साधा उपाय आपल्या सीमेवर, बेळगाव जिल्ह्यात घडला. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर २००२ ते २००५ या काळात खेड्यांतल्या १,६२० बाळंतिणींचा अभ्यास केला. एएनएम परिचारिका प्रसूतीनंतर गर्भपिशवी आवळणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडावाटे देत. निम्म्या बायकांना खरं औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या. रक्त मोजायला बाईच्या खाली प्लॅस्टिकचं एक आच्छादन पसरत, त्याला खाली मापाच्या रेघा असलेली पिशवी. रक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला. दर अठरा बायकांमागे एकीचा रक्तस्राव टळला. २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा जगाचं लक्ष गोळीकडे गेलं. मला त्या पिशवीचं मोल अधिक वाटतं. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक प्रसूतींवर झालेल्या ई-मोटिव्ह अभ्यासात अशाच रेघांच्या पिशवीने रक्त मोजलं गेलं आणि ठरावीक रेघ ओलांडताच सगळे उपचार एकदम सुरू केले गेले. एरवी निम्मेच रक्तस्राव वेळेवर ओळखले जात होते, तिथे हे प्रमाण ९३ टक्क्यांवर गेलं. जोराचा रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया किंवा त्यातून मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. औषधं तुलनेतल्या दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांत होतीच. फरक वेळेवर मोजण्याचा आणि मोजल्याबरोबर हलण्याचा होता.

आपल्याकडे हे अधिकच जपायला हवं, कारण बाळंतिणीचं हिमोग्लोबिन मुळातच कमी असतं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. जेवढं रक्त गेलेलं धडधाकट बाईला सोसतं तेवढं अशा बाईला सोसत नाही. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, असं सिस्टर दर भेटीत सांगते ते याचसाठी. चहाने लोह अंगी कमी लागतं.

महाराष्ट्राची परिस्थिती देशाच्या तुलनेत बरी आहे. २०१८–२० च्या आकडेवारीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७ होते आणि महाराष्ट्रात ३३. आपल्यापुढे फक्त केरळ, १९ वर. एवढं खाली आल्यावर उरलेले मृत्यू टाळायला नवं यंत्र पुरत नाही. तिथे लागतं ते रात्रीच्या पाळीत मोकळे असलेले हात.

आता बाळाकडे वळू. पाचवीला सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते, असं आपल्या आज्या मानत आल्या. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यात होतात, म्हणजे जुन्या बायकांनी भीतीची जागा बरोबर ओळखली होती. त्या आठवड्यात बाळाला मारणाऱ्या गोष्टी मात्र ठाऊक आहेत: जन्मताना गुदमरणं, अपुऱ्या दिवसांचं असणं, जंतुसंसर्ग. तिन्ही ठिकाणी परिचारिकेचे हात पहिले पोचतात. जन्मलेलं बाळ रडलं नाही तर ते कोरडं करणं, पाठ चोळणं, मान नीट ठेवणं आणि तरीही श्वास नसेल तर पिशवी-मुखवट्याने हवा देणं, हे सगळं पहिल्या एका मिनिटात सुरू व्हावं लागतं. बालरोगतज्ज्ञाला फोन लावून होईपर्यंत ते मिनिट गेलेलं असतं. बहुसंख्य बाळांना औषध लागत नाही, फक्त हवा लागते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा पहिला शत्रू थंडी. मुंबईच्या उकाड्यात थंडी कसली, असं वाटेल; पण ओल्या अंगाचं दीड किलोचं बाळ पंख्याखाली किंवा एसी लावलेल्या लेबर रूममध्ये फार लवकर गार पडतं. अंगावर चरबी नाही, आणि वजनाच्या मानाने कातडी जास्त. गार पडलं की साखर उतरते, श्वास लागतो, दूध ओढण्याचं बळ राहत नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून एद्गार रे सानाब्रिया या डॉक्टरांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. ती कांगारू पद्धत पुढे जगभर पसरली, पण आधी बाळ स्थिर होऊ द्यायचं आणि मग आईजवळ, अशीच रीत राहिली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या अभ्यासाने ती रीत उलटी केली. एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच, स्थिर होण्याची वाट न पाहता, आईच्या छातीशी ठेवलं तेव्हा मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे आईला बाळाजवळ खाट हवी, अतिदक्षता विभागातसुद्धा. आपल्याकडच्या कित्येक ठिकाणी आई अजून काचेबाहेरून बाळ पाहते. हे बदलायलाच हवं.

दुधाच्या बाबतीत मुंबईने मात्र वाट दाखवली. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. ज्यांना पान्हा जास्त येतो अशा आयांचं दूध तपासून, ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवून, गोठवून ठेवतात आणि ज्या बाळांची आई आजारी आहे किंवा जिला अजून दूध उतरलेलं नाही त्यांना देतात. आईला दूध काढायला शिकवणं, तिचा धीर टिकवणं, नळीवाटे बाळाला मिलीलीटर मोजून पाजणं, पाजल्यावर पोट फुगलं का ते बघणं, हे पेढीचं आणि विभागाचं रोजचं काम सिस्टरच करतात. पहिल्या दिवसांचं चिकाचं दूध पिळून टाकायचं, हा प्रकार शहरातल्या घरांतही अजून पूर्ण संपलेला नाही. सिस्टरशी वाद घालू नका, ते दूध बाळाला द्या. मध, घुटी, पाणी, काही नको.

काविळीचा उपचार तर एका परिचारिकेच्या डोळ्यांतून आला. इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर जीन वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विभाग सांभाळत. ऊन आणि मोकळी हवा बाळांना मानवते असा त्यांचा विश्वास होता, त्यामुळे त्या बाळांना अंगणात नेत. १९५६ च्या उन्हाळ्यात त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं: सगळं अंग फिकं, आणि चादरीच्या कोपऱ्याने झाकलेला त्रिकोण तेवढा गर्द पिवळा. त्या धाग्यावरून रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी काम केलं आणि १९५८ मध्ये प्रकाशोपचार जगापुढे आला. आज निळ्या दिव्याखाली ठेवलेलं प्रत्येक बाळ त्या निरीक्षणाचं ऋणी आहे. मात्र यावरून घरच्या कोवळ्या उन्हावर विसंबू नये. पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, किंवा पिवळं झालेलं बाळ झोपाळू होऊन दूध सोडू लागणं, यांत रुग्णालयच गाठायचं. रक्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, फार चढलं तर मेंदूला कायमची इजा होते. आणि दिव्याखाली कातडीचा रंग लवकर उजळतो, रक्तातलं प्रमाण तितकं उतरलेलं नसतं. म्हणून बाळ तर गोरं दिसतंय, मग पुन्हा रक्त कशाला काढता, या प्रश्नापुढे सिस्टर ठाम राहते.

जंतुसंसर्गाचं सर्वांत जुनं आणि सर्वांत प्रभावी औषध साबण-पाणी आहे. मृणाल गोरे यांनी ज्या गोरेगावात पाण्यासाठी लढे दिले तिथे हे वेगळं पटवायला नको. बाळाजवळ येणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टरांनीसुद्धा, हात धुवावेत. सिस्टरने कुणाला अडवलं तर तो अपमान मानू नये.

घरी गेल्यावर कोण पाहणार, याचं उत्तर गडचिरोलीने दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, ऊब टिकवायची, संसर्गाची लक्षणं ओळखायची, गरज पडली तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही द्यायचं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निष्कर्ष आले तेव्हा नवजात मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते ती त्याच कामातून. शहरात मात्र या भेटींना दार बंद मिळतं. टॉवरचा वॉचमन आरोग्य सेविकेला खालीच थांबवतो, आणि चाळीत खोलीत पाहुणे असतात.

गोरेगावच्या मराठी घरांत आणखी एक गोष्ट घडते. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी कोकणात किंवा घाटावर जाते आणि तिची सगळी तपासणी इथल्या फायलीत राहते. तिकडच्या सिस्टरसमोर ती आली की आधीचा बीपी किती होता हेच कळत नाही. १३० ची नोंद पाहून ती निश्चिंत होते, आणि या मुलीचा नेहमीचा आकडा १०० असतो. माता-बाल संरक्षण कार्ड आणि तपासण्यांचे कागद बॅगेत सगळ्यात वर ठेवा. उलट दिशेचं पाठवणंही तसंच. छोट्या प्रसूतिगृहातून अवघड बाई मोठ्या रुग्णालयात हलवताना कोणतं औषध किती वाजता दिलं याची चिठ्ठी हवी, बरोबर प्रशिक्षित माणूस हवं. बाळ लवकर येणार हे कळलं असेल तर ते पोटात असतानाच आईला हलवावं. जन्मल्यावर हलवण्यापेक्षा ते कितीतरी सुरक्षित.

एक कटू गोष्टही लिहायला हवी. लेबर रूममध्ये बायकांवर ओरडलं जातं, हे बायका सांगतात आणि ते खरं आहे. घाबरलेली बाई डोकं दुखतंय हे सांगत नाही, पाणी गेलंय हे सांगत नाही. तिने सांगितलं नाही तर नोंद होत नाही, आणि नोंद नाही तर डॉक्टरला फोन जात नाही. गोड बोलणं हा काही वरचा शिष्टाचार नाही, त्यावर तपासणी उभी असते. पण एका पाळीत एकटीने कळा देणाऱ्या बायका, बाळंतिणी आणि बाळं सगळं सांभाळणाऱ्या सिस्टरकडून हे मागताना तिच्या जोडीला माणूस द्यायची मागणीही आपणच करायला हवी. व्हेंटिलेटरवरच्या एका बाळाला एक परिचारिका लागते. त्यात काटकसर झाली की ती बाळाच्या जिवावर होते.

म्हणून नाव घालण्याआधी प्रसूतिगृहात जाऊन थोडे प्रश्न विचारा. रात्री किती सिस्टर असतात? त्यांची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी आहे का? श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा देण्याचं प्रशिक्षण त्यांनी घेतलंय का? गरज पडली तर इथून कुठे पाठवता, आणि बरोबर कोण जातं? प्रसूतिगृहात पात्र सुईण-परिचारिका असणं ही १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यापासूनची अट आहे, त्यामुळे यात कुणी वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. ज्या ठिकाणी या प्रश्नांना सरळ उत्तरं मिळतील तिथे जा, मग खोली लहान असली तरी चालेल.